लस पहाटे पाहिजे, साहेब

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. दीड एकर धान, दोन शेळ्या आणि अंगणात देशी कोंबड्या, एवढ्यावर आमचं घर चालतं. गेल्या चैत्रात माझ्याकडे २१ कोंबड्या होत्या. आठ दिवसांत ३ उरल्या. आधी हिरवट-पांढरी हगवण, मग पंख लोंबले, माना पिळल्या आणि जागच्या जागी गरगर फिरून पडल्या. आम्ही याला मानमोडी म्हणतो, दवाखान्यात राणीखेत म्हणतात. रोग लागल्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. पोरीच्या वह्या आणि अडीनडीचं तेल-मीठ त्याच कोंबड्यांवर निघायचं.

लस मागायला मी दवाखान्यात गेले होते. कुपी १०० डोसांची, कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, २१ कोंबड्यांसाठी कशी फोडू, असं उत्तर मिळालं. तो माणूस खोटं बोलत नव्हता. पण साहेब, आमच्या एका टोलीवरच, म्हणजे वस्तीवरच, शंभराच्या वर कोंबड्या आहेत. दिवस आधी कळला तर आम्हीच घरोघर सांगून ठेवू.

आणि वेळ. मागे एकदा लसीची गाडी आली ती अकरा वाजता. तोवर कोंबड्या बांधावर, झुडपात, वाडीत पांगलेल्या. हाताला किती लागणार? खुराड्याचं दार उघडायच्या आत, पहाटे पाचला माणूस आला तर तासाभरात टोली आटोपते. मुक्कामाला आमची घरं आहेत.

ते जमत नसेल तर बचत गटातल्या दोघींना शिकवा. लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्या लसीचा, थेंब पिल्लाच्या डोळ्यात टाकायला डॉक्टरच लागतो असं नाही. टांझानिया, मोझांबिकमध्ये खेड्यातलीच माणसं हे काम करतात, आणि तिथली राणीखेतची आय-२ नावाची लस उन्हात लवकर खराब होत नाही. राणीखेतची लस आपल्या पुण्यात, औंधला तयार होते. तिथून बर्फाच्या पेटीतून टोलीपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा आमच्या हाती द्या.

एक कबूल करते. मर लागली तेव्हा मी दोन आजारी कोंबड्या बाजारात विकल्या. सगळेच विकतात. मेलेल्या नाल्यात टाकतात, कुत्री ओढून नेतात, आणि रोग पुढच्या गावाला जातो. चुकलंच माझं. पण तेव्हा विचारायला जवळ कोणी नव्हतं. शिवाय नुसत्या डोळ्यांनी मानमोडी आणि बर्ड फ्लू वेगळे ओळखता येत नाहीत. नागपूरच्या गोरेवाड्यातल्या प्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस बर्ड फ्लूने तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. म्हणून गावात मर लागली की नमुना तपासायला गेलाच पाहिजे, आणि कळवणाऱ्याला भीती वाटता कामा नये.

माघात, मोह गळायच्या आधी पहिली फेरी लावा. माझी एक खुडूक ११ अंड्यांवर बसली आहे. पिल्लं निघाली की सातव्या दिवशी त्यांच्या डोळ्यात थेंब पडायला हवा.

आपली,
बचत गटातली एक कोंबडीपालक