सातव्या दिवसाला संध्याकाळ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, या बायबलमधल्या कथेवरून गेले काही आठवडे या सदरात पत्रलेखकांची चांगलीच जुंपली आहे. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच सहा दिवस, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याने विचारले, सर्वशक्तिमान देव दमलाच कसा? आमच्या चर्चच्या आवारातही उपासना सुटल्यावर याच गप्पा. मी निवृत्त शिक्षिका. रविवारच्या शाळेत तीसेक वर्षे मुलांना ही कथा सांगत आले. दोघांनीही घड्याळ हातात धरून ती वाचली आणि त्या नादात सातवा दिवस दोघांच्याही हातून निसटला, असे मला मनापासून वाटते.

आधी दिवसांचे बघू. ही कथा आहे बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात. त्याच्या पहिल्या अध्यायात सूर्य-चंद्र येतात ते चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस मोजले कशावर? चौथी-पाचवीतली मुलेही मला हे विचारायची. हा प्रश्न काही आजकालच्या विज्ञानवाल्यांनी काढलेला नाही. आजच्या अल्जीरियात राहणारे बिशप ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी त्याच्याशी झगडले आणि हे दिवस कसले होते याची कल्पना करणेही माणसाला फार अवघड, कदाचित अशक्यच, असे लिहून गेले. सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली हा हिशेब आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली मांडला. बायबलच्या कुठल्याही वचनात तो आकडा नाही. आणि दिवसासाठीचा जो 'योम' हा हिब्रू शब्द पहिल्या अध्यायात एकेका दिवसाला वापरला आहे, तोच दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आकाश आणि पृथ्वी घडवण्याच्या सबंध काळाला वापरला आहे.

तरीही चोवीस तासवाल्यांचे एक म्हणणे मी मान्य करते. "संध्याकाळ झाली व सकाळ झाली" हे पालुपद उगाच येत नाही. 'निर्गम' या पुढच्या पुस्तकातली, सहा दिवस काम कर आणि सातव्या दिवशी थांब, ही आज्ञाही माणसाचा आठवडा याच सहा-एकच्या मापावर बसवते. कथा माणसाच्या आठवड्याच्या भाषेत बोलते, हे खरेच. त्यावरून पृथ्वीचे वय काढायला जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता विसाव्याकडे येते. मराठीत आपण 'विसावा घेतला' असे वाचतो आणि डोळ्यांपुढे दमलेला माणूस येतो. मूळ क्रियापद आहे 'शाबात', म्हणजे थांबणे, हातातले काम बंद करणे. 'शब्बाथ', म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा पवित्र दिवस, हा शब्द त्याच्याशीच नाते सांगतो. देव थकत नाही, भागत नाही, असे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, चाळिसाव्या अध्यायात, स्वच्छ लिहिले आहे. आणखी एक गोष्ट बघा. देवाने सातव्या दिवशी आपले काम संपवले, असे हिब्रू पाठ म्हणतो. सहाव्या नव्हे, सातव्या! जुन्या ग्रीक भाषांतरात इथे 'सहाव्या दिवशी' असे आहे. भाषांतर करणाऱ्यांना ते खटकले असावे. यहुदी भाष्यकारांनी मात्र हा पाठ तसाच ठेवला आणि विचारले, तोवर जगात कशाची उणीव होती? त्यांचे उत्तर होते, विसाव्याची. तो आला तेव्हा काम पुरे झाले.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कळले होते. माझे वडील तिथल्या एका फौंड्रीत मोल्डर होते, म्हणजे वितळलेले लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. एकदा गेले तेव्हा ओतकाम नुकतेच आटोपले होते. वाळू भरलेल्या पेट्या ओळीने मांडलेल्या, फटींतून निळसर ज्योती निघत होत्या, आणि माणसे भिंतीला टेकून बसलेली. मी म्हटले, "आबा, झालं की काम!" तर म्हणाले, "नाही पोरी, आता निवायचं. आत्ता फोडलं तर चिरंल." ते निवणे हजेरीच्या वहीत कुठे मांडलेले नसते. पण साचा घाईने फोडला तर सगळ्या दिवसाची मेहनत भंगारात जाते. मुलांना सातवा दिवस मी कायम याच पेट्यांवरून समजावत आले.

सहाही दिवसांच्या शेवटी संध्याकाळ आणि सकाळ येते. सातव्या दिवसाच्या शेवटी ती येतच नाही. तो दिवस मावळल्याचे कुठे लिहिलेले नाही. ऑगस्टीन यांनाही हे जाणवले होते, आणि बायबलच्या नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्र' याचा चौथा अध्याय सांगतो की देवाच्या लोकांसाठी तो विसावा अजून राखलेला आहे. बायबलमध्ये सर्वांत आधी पवित्र ठरतो तो कुठला डोंगर नाही की मंदिर नाही. पवित्र ठरतो हा दिवस. ज्याला शेवटच नाही असा दिवस चोवीस तासांत कसा कोंबायचा, हे मला त्या पत्रलेखकांना नम्रपणे विचारायचे आहे.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात, देव सातव्या दिवशी थांबला आणि 'ताजातवाना झाला', असे म्हटले आहे. इथले हिब्रू क्रियापद श्वासाशी नाते सांगणारे, दम खाणे म्हणतो ना आपण, तसे. हे क्रियापद बायबलमध्ये अगदी मोजक्या ठिकाणी येते. त्यातले एक ठिकाण निर्गम २३:१२. तिथे दम खायचा आहे तो दासीच्या मुलाला आणि परक्याला, आणि त्याच वचनात बैल आणि गाढव यांनाही विसावा सांगितला आहे. देवासाठी आणि दासीच्या पोरासाठी एकच शब्द! बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तर शब्बाथाचे कारणच बदलते. तिथे सृष्टीची आठवण नाही. तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, असे बजावले आहे.

आपल्याकडे हे कुणाला वेगळे समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० च्या १० जूनला मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलेल्या झगड्यातून. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता. यहुद्यांचा शब्बाथ शनिवारी, आम्हा ख्रिस्ती लोकांचा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा. वार कुठला का असेना, हातातले काम सुटले पाहिजे.

आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमनमामा आहेत, राधानगरीकडचे. बारा तासांची पाळी, महिन्याचे तीसही दिवस. सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो. गेल्या बेंदराला मी पुरणपोळी घेऊन खाली गेले, तर रजिस्टर मांडीवर ठेवून खुर्चीतच डुलकी लागलेली. माझी चाहूल लागताच दचकून उठले आणि टोपी सारखी करू लागले. गावाकडे त्यांची बैलजोडी आहे. म्हणाले, "आज बैलांच्या मानेवर जू नाही बघा, बाई. पोरानं शिंगं रंगवलीत. फोटो आलाय." मोबाईल काढून दाखवला. तो फोटो बघताना मला सगळे अध्याय आणि वचने आठवली आणि तोंडातून शब्द फुटेना. आम्ही वरच्या मजल्यांवर बसून सहा दिवसांच्या तासांवर भांडत होतो, आणि खाली हा माणूस सातव्या दिवशीही खुर्चीत!

येत्या वार्षिक सभेत त्यांना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी द्यावी, असा ठराव मी मांडणार आहे. बदली माणसामुळे मेंटेनन्स थोडा वाढेल. तीन घरांनी होकार दिला आहे, दोघांनी बघू म्हटले आहे. या सदरात पत्रे लिहिणाऱ्यांपैकी दोघे आमच्याच भागातले आहेत असे कळले. मतभेद राहू देत, पण त्यांनी आपापल्या इमारतीच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ठरावाचा मसुदा मी पाठवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर