नऊवारीच्या सहा घड्या

नाशिक,
९ जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "गोधडी शिवायला पैसे भरून कुठे जायचं गं? ओट्यावर बस नि शिव की." तेव्हा दारात भाजीवाला उभा होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा.

येत्या गुरुवारी निघतेय. त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरीच्या पुढे एका शेतघरात चार दिवसांचं शिबिर आहे. चौदा जणी आहोत. ज्याची त्याची मशीन, ज्याचं त्याचं कापड, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त शिवण. दोघी शिकवायला आहेत. इथे घरी जमिनीवर गोधडी पसरायला सलग जागा नाही, आणि सलग दोन तासही मला कधी मिळत नाहीत. पण खरं कारण निराळं आहे. तुझ्या प्रत्येक गोधडीच्या वेळी मी शेजारी बसलेली असायचे, पण माझ्याकडे काम एकच, सुया ओवून द्यायच्या. तुझी नजर गोधडीवर आणि माझी सुईच्या नेढ्यावर. टाका कसा पडतो ते मी कधी पाहिलंच नाही. आता सेहेचाळिसाव्या वर्षी मला ते पहिल्यापासून शिकायचंय.

पंधरा दिवस तयारी चाललीय. वरचा भाग चौकोनांचा करायचाय. नऊ चौकोनांचा एक मोठा तुकडा, असे तीस तुकडे, म्हणजे २७० चौकोन. एकेक साडेतीन इंचाचा कापायचा. चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत गेलं की तीनाचा राहतो. पाच तुकडे रुंदीला आणि सहा लांबीला, म्हणजे ४५ बाय ५४ इंच. अंथरुणाला लहान पडेल, पण सकाळी ओट्यावर बसताना मांडीवर घ्यायला पुरेल.

कापड मेन रोडवरून आणलं. मरून दीड मीटर, साय रंगाचं सव्वा मीटर. हिशेबाने मरून सव्वा आणि साय रंगाचं एक मीटर पुरतं, पण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून थोडं जास्त घेतलं. दुकानदाराने "रंग पक्का आहे ताई" असं दोनदा सांगितलं. घरी येऊन मरून कापड मिठाच्या पाण्यात भिजवलं आणि तासाभराने बघते तर बादलीत नुसतं बीट किसून टाकल्यासारखं पाणी. मला फार राग आला. हेच न धुता शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यात शेजारचे सगळे चौकोन गुलाबी झाले असते. तीन वेळा धुतलं, मग ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबली. रुमाल पांढरा राहिला तेव्हाच कात्रीला हात लावला.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. दाराची चौकट बसवताना तुम्ही सुताराला म्हणायचात ना, "अर्धा सूत घे अजून"? मला तेव्हा वाटायचं, एवढ्याने काय होतंय. पहिला तुकडा शिवून मोजला तर साडेनऊ इंच यायला हवा होता, आला सव्वानऊ. चौकोन तर बरोबर कापले होते. मग लक्षात आलं की शिलाई पाव इंचाऐवजी, म्हणजे दोन सुतांऐवजी, अडीच सुतांवर पडतेय. एका जोडाला दोन्हीकडून अर्धा अर्धा, म्हणजे एक सूत गेला. एका ओळीत दोन जोड, म्हणजे दोन सूत. पाव इंच तिथेच गेला. हा तुकडा तसाच ठेवला असता तर पुढच्या बरोबर तुकड्यांशी त्याचे कोपरे जुळलेच नसते. आता मशीनच्या पट्टीवर, सुईपासून मोजून दोन सुतांवर, चिकटपट्टीचे तीन थर लावलेत. कापडाची कड त्याला टेकवून सरळ सोडायची. दुसरा तुकडा तंतोतंत साडेनऊ आला. तो मी रात्री पुन्हा दोनदा मोजला.

सगळे चौकोन आता कापून झालेत. प्रत्येक तुकड्याचे पाच मरून आणि चार साय रंगाचे वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर. तिथे जाऊन कापत बसायचं नाही, असं आधी जाऊन आलेल्या शेजारणीने बजावलंय. कापण्यात अर्धा वेळ जातो आणि मोठ्या टेबलासाठी रांग लागते. मशीन कशी बांधायची तेही तिनेच दाखवलं. सुई काढून ठेवायची, दाबाच्या पायाखाली कापडाची घडी ठेवून पाय खाली सोडायचा, मग जाड चादरीत गुंडाळायची. पायाचं पॅडल आणि वायर मशीनबरोबरच, एकाच पिशवीत. मागच्या खेपेला एकीचं पॅडल घरी राहिलं, तर तिचा पूर्ण दिवस गेला. मशीनच्या सुया नव्या घेतल्यात, आठ-दहा तास शिवलं की बदलायची. दहा बॉबिन भरून ठेवल्यात, कारण दुसरीच्या मशीनची बॉबिन आपल्या मशीनला बसेलच असं नाही. इस्त्री मात्र नेत नाही. एकाच लाइनवर चार-पाच इस्त्र्या लागल्या की लाइट जाते, म्हणून तिथे ठरावीकच ठेवतात. बाकी पाठीला उशी, टेबललॅम्प, स्वेटर, शाल, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी. घरचं सगळं लावून दिलंय, त्याची काळजी करू नका.

आणि आता आजीची नऊवारी. दिवाळीला तू ती अंजिरी साडी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "वापर, पण कापू नकोस." मी तेव्हा हो म्हटलं खरं, पण न कापता कशी वापरायची ते कळत नव्हतं. परवा रात्री वहीवर हिशेब मांडला. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. गोधडीची लांबी ५४. भागलं तर बरोबर सहा! पन्हाही, म्हणजे रुंदीही, साधारण ४५ भरतो. म्हणजे अख्खी साडी मागेपुढे घड्या घालत आतच बसते, सहा थरांत, कात्री न लावता. विकतचं भरण लागणार नाही. पाठीचं कापड थोडं मोठं घेऊन त्याचाच काठ पुढे दुमडायचा. बाबा, तुमची आई आत असेल आणि वरून कुणाला दिसणार नाही.

फक्त तिथे सांगतात ती बारीक सुई एवढ्या थरांतून जाईल असं मला वाटत नाही. आणि आई, तू कडेने टाके घालत मध्याकडे यायचीस, तेव्हा कोपऱ्यावर धागा कसा वळवायचीस? वळणावर तुझी गोधडी कधी गोळा झालेली मला आठवत नाही. दोन ओळींत किती बोटं सोडायची? गाठ कुठे लपवायची? शिबिरात त्यांची पद्धत शिकेन, पण आजीच्या साडीवर मला तुझेच टाके घालायचेत. आई सांगेल तसं, बाबा, तुम्ही लिहून काढा. चित्र काढलंत तर फारच बरं.

थंडी वाढलीय म्हणतात, आणि निफाडची थंडी मला ठाऊक आहे. बागेत शेकोट्या पेटवायला दादा आहे. पहाटे तुम्ही बाहेर पडू नका, बाबा. कानटोपी कपाटाच्या खालच्या खणात आहे.

दादा बुधवारी नाशिकला येतोय. त्याच्याजवळ ते लिहिलेलं द्या, आणि तुझ्या पत्र्याच्या डब्यातली गोधडीची ती लांब सुई, काळ्या दोऱ्यात ओवून ठेवलेली. दोरा काढू नकोस, तशीच दे.

तुमची,
लेक