‘अलाबामा’: पळवाट होती, पण सरकार हतबल नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांसाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या आणि अमेरिकी जहाजांवर हल्ले करणाऱ्या ‘अलाबामा’ जहाजावरून अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात वाद झाला. त्यावरील आपल्या लेखाचा सूर ‘कायद्यातच पळवाट, ब्रिटिश सरकार तरी काय करणार?’ असा आहे. त्यातला पहिला भाग खरा, दुसरा पटत नाही.

१८१९च्या ब्रिटिश कायद्यात परक्या युद्धासाठी जहाज सज्ज करणे, त्यावर शस्त्रे चढवणे हा गुन्हा होता. नुसते बांधण्याबद्दल कायदा गप्प होता. बंडखोर राज्यांचा हस्तक जेम्स बुलॉक याने नेमके हेच हेरले. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडला लेअर्ड यांच्या गोदीत ‘क्रमांक २९०’, म्हणजेच पुढचे ‘अलाबामा’, तोफांविनाच तयार झाले. तोफा नि दारूगोळा दुसऱ्या जहाजाने अझोर्स बेटांकडे गेला आणि तिथे चढवला गेला.

पण इशारे कमी नव्हते. लिव्हरपूलचे अमेरिकी वाणिज्यदूत टॉमस डडली यांनी शपथपत्रे जमवली. नामांकित वकील कॉलियर यांनी लेखी मत दिले की, इथे कायदा वापरला नाही तर तो असून नसल्यासारखाच. ही कागदपत्रे सरकारचे विधी सल्लागार सर जॉन हार्डिंग यांच्याकडे गेली आणि तिथेच अडकली; हार्डिंग यांचे मानसिक संतुलन ढासळले होते आणि ते बरेच दिवस कोणाच्या ध्यानातच आले नाही! इतर सल्लागारांचे ‘जहाज अडवा’ हे मत आले २९ जुलै १८६२ला. त्याच दिवशी ते चाचणी फेरीच्या नावाखाली, डेकवर पाहुणे मिरवत, मर्सी नदीतून निघाले. पाहुणे टगबोटीने परतले, जहाज परतले नाही. पुढे त्याने सुमारे ६५ जहाजे पकडली, बहुतेक जाळली.

आता हे पाहा. १८६३च्या सप्टेंबरात त्याच गोदीत बंडखोरांसाठीच बांधलेल्या दोन चिलखती युद्धनौका सरकारने रोखल्या आणि पुढे आरमारासाठी विकत घेतल्या. कायदा तोच, १८१९चा! बांधणीवर बंदी आली ती १८७०मध्ये.

या वादाचा निवाडा करणाऱ्या जिनिव्हाच्या लवादाने १४ सप्टेंबर १८७२ला ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात भरायला लावले. ‘कायदा अपुरा होता’ ही सबब दक्षतेतल्या कसुरीला चालणार नाही, असे निवाड्यात स्पष्ट म्हटले आहे. लवादातले ब्रिटनचे सदस्य कॉकबर्न यांनी त्यावर सही केली नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्या लेखात रक्कम आली; सबब फेटाळल्याचा उल्लेख मात्र राहून गेला.

आपला,
एक वाचक