दोन खाचांचा फरक शोधून दिलात, काका

मिस्त्री काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं गॅरेज वागळे इस्टेटमध्ये, मी राहतो कासारवडवलीला. त्या शनिवारी तुम्ही घाईत होतात, दोन गाड्या उघडलेल्या होत्या, म्हणून आभार नीट मानताच आले नाहीत. ते आता लिहून मानतो.

माझी १५० सीसीची गाडी एकटा असलो की ठीक चालायची. सकाळी बायकोला ठाणे स्टेशनला सोडायला निघालो की मात्र पातलीपाड्याच्या उड्डाणपुलावर लोखंडी जोड आला रे आला, की मागचा भाग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जायचा. वेग पन्नास-पंचावन्नच. शेजारून ट्रेलर चाललेला असताना गाडी अशी हलली की मागून माझ्या खांद्यावरची पकड घट्ट व्हायची. शेवटी तिने गाडीवर बसायचंच सोडलं. पावणेआठला कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असलेली तिला बघून मी पुढे निघायचो. ते मला फार लागायचं.

आधी एका ठिकाणी दाखवलं, तर गाडीकडे उभ्या उभ्या बघून त्यांनी सांगितलं की दोन्ही शॉकअप गेले, नवीन जोडी टाका, साडेतीन हजार. मी पैसे जमवत होतो.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो आमच्या दोघांच्या वजनाचा. दुसरा हवेचा. मी पंपावर दोन्ही चाकांत पस्तीस भरून घ्यायचो. तुम्ही चेनकव्हरवरचं स्टिकर बोटाने पुसून मला वाचायला लावलंत: पुढे २५, मागे एकट्याला २८, दोघांना ३२. मग गाडी मेन स्टँडवर घेतलीत, शेपटीच्या पॅनेलवर खडूची रेघ मारलीत आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून रेघेपर्यंत टेप लावलीत. चाक लोंबकळत असताना एक माप, मी बसल्यावर दुसरं, तुमचा पोरगा मागे बसल्यावर तिसरं. एकटा असताना गाडी ३४ मिलिमीटर खाली बसत होती, दोघं बसल्यावर ७०. मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागाच साधारण १०० मिलिमीटर. म्हणजे पुलावरचा दणका झेलायला उरले तीस.

आणि मग तुम्ही खाली वाकून, टॉर्च मारून म्हणालात, "हे बघ." डाव्या शॉकअपची, स्प्रिंग दाबून धरणारी रिंग पहिल्या खाचेत, उजव्याची तिसऱ्या. कधीतरी कोणीतरी एकच बाजू फिरवून सोडून दिली होती. एका बाजूची स्प्रिंग जास्त दाबलेली, दुसऱ्या बाजूची कमी, मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्विंगआर्मला, सारखा तिरपा जोर. गाडी घेतल्यापासून चार वर्षं मी त्याच रिंगांवर चिखलाचं पाणी मारून धूत आलो, पण खाचा कधी मोजल्या नव्हत्या. त्या फिरवायचा वाकडा पानासुद्धा सीटखालच्या टूलकिटमध्येच होता.

रिंग फिरवून स्प्रिंग कडक होते असं मी धरून चाललो होतो. तुम्ही समजावलंत की स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा बदलत नाही. ती आधीच थोडी दाबून ठेवल्यामुळे गाडीचा मागचा भाग वर उभा राहतो. मागचा भाग खाली बसला की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, जास्त तिरका होतो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, हँडल हलकं पडतं. हे ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं. रात्री दोघं जाताना ही नेहमी म्हणायची, "तुझा लाइट रस्त्यावर नाही, झाडांवर पडतोय." कारण हेच होतं, आणि मी हेडलाइटचा स्क्रू पिळत बसलो होतो.

पुढचंही तुम्ही सोडलं नाहीत. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर देऊन सोडलंत, तर फोर्क वर येऊन आणखी दोनदा डुलला. एकदा वर येऊन थांबायला हवा होता. ब्रेक धरून गाडी पुढेमागे केलीत तेव्हा हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो कोनसेट टकटक वाजला. तो आवळलात. फोर्कचं जुनं ऑइल काढलंत ते राखाडी, पाण्यासारखं पातळ. नवीन ओतताना मापाच्या भांड्यात दोन्ही पायांना अगदी सारखं. स्विंगआर्मच्या सांध्यातले बुश हलवून बघितलेत आणि म्हणालात, "हे चांगले आहेत, हात लावायचा नाही." काका, न लागणारं काम न केल्याबद्दलही आभार.

एकट्याला दुसरी खाच, दोघांना चौथी, दोन्ही बाजूंना सारखी. तुम्ही पांढऱ्या रंगाचे ठिपके लावून दिलेत ते अजून आहेत. चौथ्या खाचेवर दोघं बसून मोजलं तर ७० चे ६० झाले. दहाच मिलिमीटर, पण कोनसेट, ऑइल, हवा सगळं जागेवर आल्यावर गाडी वेगळीच चालायला लागली. पातलीपाड्याच्या पुलावर आता जोडावर एक 'धप' येतो आणि गाडी सरळ राहते. पहिल्या सकाळी पूल उतरल्यावर मागून आवाज आला, "अरे, पूल गेला?"

ती आता रोज गाडीवर असते. ऑफिसला एकटा पुढे जाताना स्टेशनबाहेर दोन मिनिटं थांबून मी रिंगा परत दुसऱ्या खाचेवर आणतो.

बिलात तुम्ही ऑइल आणि मजुरीच लावलीत. तासभर मोजमाप केलंत, त्याचा एक रुपया नाही. विचारलं तर म्हणालात, "बघायचे पैसे घेत नसतो."

एक काम आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाची गाडी वाघबीळच्या वळणावर अशीच डुलते. टेप मी लावली, मापं लिहून घेतली आहेत. पण त्याला मागे एकच शॉकअप आहे, आणि वर दोन रिंगा एकमेकींवर आवळलेल्या आहेत. त्याला मी हात लावलेला नाही. येत्या शनिवारी चारनंतर त्याला घेऊन येतो, तुम्ही असाल ना?

तुमचा,
कासारवडवलीचा, पांढऱ्या ठिपक्यांवाला