हातावरच्या तुळशीला ऊन लागू देऊ नकोस

सातारा,
१४ एप्रिल

प्रिय दत्तू,

परवा रात्री तू पाठवलेला फोटो किती तरी वेळ बघत बसलो होतो. काकूंच्या हातावर गोंदलेली होती तशीच तुळस, वरती तसेच तीन ठिपके आणि वृंदावनाखालची ती जराशी वाकडी गेलेली रेघसुद्धा! ती सरळ करून घेतली नाहीस हे फार बरं केलंस. जत्रेत गोंदताना त्यांनी हात ओढून घेतला होता म्हणून रेघ वाकडी गेली, हे त्यांनी भाकऱ्या थापता थापता आपल्याला किती वेळा सांगितलं असेल.

पण दुसऱ्या फोटोत तू अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, भर दुपारी, बार्शी रोडवर गाडीवर बसलेला दिसलास आणि माझ्या पोटात गोळाच आला. गोंदवून अवघे पाच दिवस झालेत रे! फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस, म्हणून हे लिहून पाठवतोय. नीट वाच.

आधी माझ्या हाताचं सांगतो. मनगटापासून कोपरापर्यंतचा माझा वेल तू पाहिलायस. तो काढला आणि नवव्या दिवशी मी तारकर्लीला गेलो. वरून खपल्या निघाल्या होत्या, मला वाटलं झालं बरं. दोन तास पाण्यात आणि वाळूत उघड्या हाताने होतो. संध्याकाळी हात लालभडक, सुजलेला, आणि कोपराजवळच्या पानांतून पाणी सुटलेलं. पुढच्या आठवड्यात तिथली कातडी सोलून निघाली ती शाई घेऊनच. दोन पानं मधूनच कोरी पडली. नंतर पुन्हा भरून घेतली, पण त्यांचा काळा आणि बाकीच्या वेलाचा काळा काही जुळला नाही. तेव्हा सावरायला हवं होतं आणि मी सावरलो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नवा टॅटू म्हणजे हजारो टोचण्यांची उघडी जखम. वरची कातडी जुळायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर ऊन नाही म्हणजे नाही. आणि एवढ्यात सनस्क्रीनही लावू नकोस, उघड्या जखमेवर ते झोंबतं आणि त्रास देतं. या दिवसांत एकच उपाय, तो म्हणजे सैल, लांब बाह्यांचा सुती शर्ट. गाडीवाले घालतात त्या घट्ट स्लीव्हज आत्ता नकोत, खपली त्यांना चिकटते. सौम्य साबणाने धू, टिपून कोरडं कर, दिलेलं मलम अगदी पातळ लाव. मावशी हळद लावायला सांगतील, त्यांना प्रेमाने नाही म्हण. डब्यातली हळद जखमेवर घालण्याइतकी स्वच्छ नसते. आता काळे-लाल पापुद्रे सुटायला लागतील, खाजही येईल. नखाने ओढू नकोस, वरून तळव्याने हलकं थोपट. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला, तर मात्र माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरकडे जा. विहिरीत पोहणंही या महिन्यात बंद.

हात बरा झाला हे कसं ओळखायचं? डोळे मिटून बोट फिरव. गोंदलेलं कुठे आणि साधी कातडी कुठे हे बोटाला कळेनासं झालं, चकाकी आणि पापुद्रे गेले, की झालं. मग सनस्क्रीन सुरू कर. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि डबीवर 'पीए' या अक्षरांपुढे निदान तीन अधिकची चिन्हं हवीत. एसपीएफचा आकडा मुख्यतः उन्हातल्या, कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचा. यूव्हीए किरणं त्याहून खोल, शाई असते त्या थरापर्यंत पोहोचतात, 'पीए' त्यांच्यासाठी. एसपीएफ ३० यूव्हीबीचे ९७ टक्के अडवतं, पण जाडसर लावलं तरच. घराबाहेर पडण्याच्या १५ मिनिटं आधी लाव आणि दर दोन तासांनी पुन्हा. तू दिवसभर शेतांवर घामाने भिजलेला असतोस, तेव्हा खरं सांगायचं तर तुझ्यासाठी क्रीमपेक्षा बाहीच खात्रीची. कापड उजेडासमोर धरून बघ. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं.

'आपली कातडी सावळी, आपल्याला काय ऊन लागतंय' असं तू म्हणणार. अरे, शाई खालच्या थरात असते आणि ऊन लागून येणारा काळवंडलेपणा वरच्या थरात. म्हणजे चित्रावर रंगीत काच ठेवल्यासारखं होतं. शिवाय किरणं खाली पोहोचून शाईचे कण फोडतात ते वेगळंच. याचा पुरावा माझ्याच हातावर आहे. मी घड्याळ उजव्या हातात बांधतो. काल मुद्दाम ते काढून खिडकीपाशी हात धरला. पट्ट्याखालचं पान अजून काळंभोर, शिरा न् शिरा दिसणारं. पट्ट्याच्या कडेपासून पुढे वेल राखेच्या रंगाचा. एकाच दिवशी, एकाच सुईने काढलेला, दत्तू! बरीच वर्षं गाडी चालवताना उजवा हात खिडकीशी होता. काच वर असायची म्हणून मी निश्चिंत होतो, पण साधी काच यूव्हीबी अडवते आणि यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत सोडते.

काकूंचं गोंदण इतकी वर्षं टिकलं ते काजळीचं होतं म्हणून. काजळी म्हणजे कार्बन, उन्हाला सहज दाद देत नाही. तरी तेही शेवटी हिरवट, पसरट झालं होतं. तू मात्र मंजिऱ्यांना लाल भरून घेतलायस. तो उठून दिसतो, मला फार आवडला, पण उन्हात काळ्याच्या आधी लाल-पिवळे जातात. लाल रंगाची अ‍ॅलर्जीही इतर रंगांपेक्षा जास्त दिसते, तेव्हा पुढे कधी मंजिऱ्या उन्हात खाजून फुगल्या तर अंगावर काढू नकोस.

सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, ११ च्या पुढे जातो, आणि ही मोजपट्टीतली सगळ्यात वरची पायरी. सकाळी अकरा ते चार शेतांच्या फेऱ्या टाळता येतील का बघ. आषाढात वारीला तू चालणार आहेसच, तोवर हात बरा झालेला असेल. पण आभाळ भरलंय म्हणून बाही वर करू नकोस. विरळ ढगांतून बरीचशी किरणं खाली येतातच.

दोन शर्ट आज कुरिअरने पाठवलेत. लांब बाह्या, गडद निळे, दाट विणीचं सुती कापड. तुझ्या मापापेक्षा एक नंबर मोठेच घेतलेत, म्हणजे बाही हाताला घासणार नाही. मिळाले की कळव, आणि दर रविवारी खिडकीच्या उजेडात काढलेला तुळशीचा फोटो पाठवत जा. मला मंजिऱ्या बघायच्या आहेत.

तुझा,
अन्या