उशिराच्या बिलावरचे व्याज पुरवठादारानेच का मागायचे?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

लहान कारखानदाराने माल पुरवला आणि खरेदीदाराने पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या रकमेवर व्याज मिळण्याचा हक्क आपल्याकडे 1993 पासून कायद्यात आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 याने तो आणखी कडक केला. लेखी करारात काहीही ठरलेले असो, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे चुकते व्हायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज लागते. बँक रेट 6.75 टक्के होता तेव्हा हा दर 20.25 टक्के होत होता, म्हणजे 10 लाखांचे बिल मुदतीनंतर तीन महिने रखडले तर व्याजच 51 हजारांच्या वर जाते. असे असूनही हे व्याज खरोखर हाती पडलेला पुरवठादार औद्योगिक वसाहतीत शोधावा लागतो. दर कमी आहे म्हणून असे होत नाही. व्याज मागण्याचे काम कायद्याने पुरवठादारावर टाकले आहे, म्हणून होते.

ज्या कारखान्याचे निम्म्याहून अधिक काम एकाच कंपनीकडून येते, त्याच्या मालकाने त्या कंपनीला व्याजाची डेबिट नोट, म्हणजे मागणीची चिठ्ठी पाठवायची, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ऑर्डरच्या शेड्यूलवर स्वतःच्या हाताने काट मारायची. खरेदी विभागाला हे पक्के ठाऊक असते. त्यामुळे ‘बिल पासिंगला आहे’, ‘तपासणी बाकी आहे’, ‘हेड ऑफिसकडून फंड आला नाही’ ही उत्तरे वर्षानुवर्षे चालतात. त्यातले तपासणीचे कारण तर कायद्याने केव्हाच निकाली काढले आहे: माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. गेटवर शिक्का मारलेले चलन जपून ठेवले तर मुदत कधी सुरू झाली याबद्दल वाद उरत नाही. पण वाद घालायचाच नसतो, कारण घालणे परवडत नाही.

मधल्या काळात पुरवठादाराचे स्वतःचे घड्याळ मात्र थांबत नाही. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, खरेदीदाराकडून रुपया आलेला असो वा नसो. 18 टक्के दराच्या मालावर 10 लाखांमागे 1 लाख 80 हजार रुपये आधी स्वतःच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जातून जातात. कधी काळी उशिराचे व्याज मिळालेच, तर तेही मालाच्या किमतीत धरून त्यावर जीएसटी द्यावा लागतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊकही नसते. दुसरीकडे, खरेदीदाराला त्याच कराची वजावट लगेच मिळते आणि पैसे न दिल्याबद्दल ती परत करण्याची वेळ बिलाच्या तारखेपासून 180 दिवस उलटल्यावर येते. एका कायद्यात 45 दिवस आणि दुसऱ्यात 180, यातून खरेदी विभागाने कोणता आकडा लक्षात ठेवावा हे सांगायला नको.

2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात आणलेल्या आणि उद्योजकांच्या तोंडी ‘43बीएच’ म्हणून रुळलेल्या तरतुदीकडून फार आशा होत्या. सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही तर तो खर्च ज्या वर्षी पैसे दिले जातील त्याच वर्षी वजा होईल, असे ती सांगते. पण मे महिन्यातले बिल फेब्रुवारीत दिले, तरी आर्थिक वर्ष एकच असल्याने खरेदीदाराच्या करात काही फरक पडत नाही. चिमटा बसतो तो फक्त 31 मार्चला थकलेल्या बिलांना. त्यामुळे मार्चअखेर पैसे सुटतात आणि एप्रिलपासून पुन्हा जैसे थे होते. वर्षभरातल्या विलंबावर उपाय म्हणून शेवटी व्याजच उरते.

तक्रारी लवादाने सोडवण्यासाठी 2006 च्या कायद्याखाली सुविधा परिषदा आहेत आणि त्यांचा निकाल हाती आला तर तो भक्कम असतो. त्याला न्यायालयात आव्हान देण्यासाठी खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. परंतु निकालासाठी कायद्याने घालून दिलेले 90 दिवस पाळले जातातच असे नाही. शिवाय संबंध टिकवण्यासाठी थांबणाऱ्याचा हक्कही झिजतो. या कायद्याखालच्या लवादाला मुदतीचा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. तीन वर्षे गप्प राहिले आणि मधल्या काळात देणे मान्य असल्याचे लेखी घेतले नाही, तर लवादाचा रस्ता बंद होतो. व्यापाऱ्यांना तर हे संरक्षणच नाही, पण तो स्वतंत्र विषय आहे.

म्हणून व्याज मागण्याचे ओझे पुरवठादाराच्या डोक्यावरून उतरवायला हवे. याची सोय कायद्यात अर्धी झालेलीच आहे. 2006 च्या कायद्याच्या कलम 22 नुसार ज्या खरेदीदाराच्या हिशेबांचे वैधानिक लेखापरीक्षण होते, त्याने लघुउद्योगांचे थकलेले मुद्दल आणि त्यावर देय झालेले व्याज वार्षिक ताळेबंदात दाखवायचे असते. अनेक ताळेबंदांत तिथे ‘उपलब्ध माहितीनुसार’ एवढे म्हणून व्याजापुढे शून्य लिहिलेले आढळते. पुरवठादाराचा उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा क्रमांक, ऑनलाइन पडताळता येतो आणि 5 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांची अशी बिले ई-इनव्हॉइस म्हणून सरकारी पोर्टलवर नोंदली जातात, तेव्हा माहिती उपलब्ध नव्हती ही सबब लेखापरीक्षकांनी स्वीकारू नये. जे व्याज ताळेबंदात दाखवले, ते पुरवठादाराच्या मागणीची वाट न पाहता ठरावीक मुदतीत त्याच्या खात्यात जमा करणे बंधनकारक व्हावे. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशात पुरवठादाराला स्मरणपत्र न पाठवताही व्याजाचा हक्क दिला आहे आणि वसुलीच्या खर्चापोटी किमान 40 युरो वेगळे ठेवले आहेत.

मोठ्या कंपन्या म्हणतील की त्यांनाही पुढून पैसे उशिरा येतात. काही वेळा ते खरे असते. परंतु बँकेचे हप्ते त्या त्याच कारणाने थांबवत नाहीत. थांबवतात ते सर्वात लहान पुरवठादाराचे पैसे, कारण तिथे थांबवायला काही लागत नाही. आपल्याहून लहान जॉबवर्कवाल्याला ताटकळत ठेवणाऱ्या लघुउद्योजकालाही हाच न्याय लागू झाला पाहिजे.

राज्य सरकारला यासाठी केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शासकीय विभाग, महामंडळे, जिल्हा परिषदा आणि महापालिका यांनी लघुउद्योगांचे बिल 45 दिवसांनंतर अदा करताना त्यावरचे व्याज अर्ज न मागवता त्याच देयकात काढावे आणि विलंब ज्या टेबलावर झाला त्याची नोंद लेखाशाखेने ठेवावी, एवढा शासन निर्णय उद्योग आणि वित्त विभागांनी मिळून काढला तरी पुरे.

आपला,
एक लघुउद्योजक, कोल्हापूर