निराशेच्या हिशेबात नारूही धरा

महोदय,

‘जग मागे चालले आहे’ असा सूर लावणारा आपला रविवारचा अग्रलेख वाचला. युद्धे, तापमानवाढ आणि विस्थापितांचे हाल यांबद्दल त्यात लिहिलेले सारे खरे आहे. निष्कर्ष मात्र पटला नाही.

नारूचेच उदाहरण घ्या. दूषित पाण्यातून शरीरात गेलेला हा कृमी वर्षभराने बहुधा पायावरच्या फोडातून बाहेर येतो. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढावा लागतो, तोही कित्येक दिवस, असह्य वेदना सोसत. १९८६ मध्ये जगात असे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये अवघे १५! आणि या रोगावर लसही नाही, औषधही नाही. पाणी कापडातून गाळून प्या, जखम घेऊन तळ्यात उतरू नका, एवढेच गावोगावचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांगत राहिले. सुदानमध्ये यादवी पेटलेली असताना १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने काही महिने बंदुका थांबल्या, त्या याच कामासाठी. म्हणजे जग शांत होण्याची वाट पाहत कुणी बसले नव्हते.

पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यूही १९९० च्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले आहेत.

अर्थात काम संपलेले नाही. आफ्रिकेतील चाड या देशात कुत्र्यांनाही नारू होतो, त्यामुळे शेवटचा टप्पा रेंगाळला आहे. त्याच्याही बातम्या आपल्या अंकात वाचायला मिळाव्यात, ही विनंती.

– एक नियमित वाचक